राहते घर विकणे आहे

—नाही नाही मॅडम, त्या खिडकीचं माप झालं की इकडे या, बाल्कनी बघा, या घराचं सगळं काय ते बाल्कनीत आहे. टेपचं दुसरं टोक मी धरू का? धरतो की, त्यात काय! स्वतःचा टेप घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच, बरं का — बाकीचे पावलं टाकून मोजतात, हात पसरून मोजतात, आणि मग कपाट दारातून आत जात नाही म्हणून कंपनीला फोन करतात, जसं काही दार आम्ही रात्रीतून आखडून घेतलं. बघा, सावकाश बघा. घाई अजिबात नाही. फक्त जरा लवकर बघा. म्हणजे — पाहुणे यायचेत माझ्याकडे. येतील आता केव्हाही. ट्रक कुठे अडकला तर उशीरही होईल. ट्रक म्हणालो का मी? गाडी. गाडीनं येतायत. तुम्ही स्वयंपाकघर बघा ना.

बाजाराचं काय विचारता, बाजार चढाच. ही समोरची गल्ली — आम्ही आलो तेव्हा इथे दोन कुत्री आणि एक पंक्चरवाला, एवढीच वस्ती. मग रस्ता रुंद झाला, कोपऱ्यावर दवाखाना आला, शाळा आली, आणि शाळा आली म्हटल्यावर आईबाप आलेच. लहान घरं तर छापील भावाच्या वर जातात हल्ली, नवीन लग्न झालेली पोरं बसूनच असतात टपून. मोठ्यांचं जरा रेंगाळतं, पण आता तीही गेली. हा शेवटचा फ्लॅट. असं मी प्रत्येकालाच सांगत आलोय — खरं सांगतो, या इमारतीतला प्रत्येक फ्लॅट मी शेवटचा म्हणून विकला — पण हा खरंच शेवटचा आहे हो. आणि गंमत बघा, खोटं बोलायचो तेव्हा लोक लगेच खिशात हात घालायचे, आज खरं बोलतोय तर तुम्ही माझ्याकडे अशा बघताय. थांबून काही उपयोग होत नाही, मॅडम. भाव उतरेल, मग घेऊ, असं म्हणणारे — असो. थांबणारे थांबूनच राहतात. तुम्ही थांबा असं मात्र मी — म्हणजे तुमचं वेगळं आहे. त्यावर येतो मी. आधी बाथरूम बघून घ्या.

ओला आहे का साबण? असणारच. सकाळी आंघोळ केली ना मी. नाही, दडवण्यासारखं त्यात काही नाही, कंपनीनं सांगितलं नाही का तुम्हाला? आम्ही राहतो इथे. मी आणि आमची ही. भाडेकरू नाही, मालक नाही, राखणदारही नाही — राखणदार खाली गेटवर असतो, त्याला निदान टोपी आहे. आमचं काम म्हणजे घरात राहायचं. रिकामं घर विकत नाही, मॅडम. रिकाम्या घरात माणूस शिरला की त्याला आधी स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो, मग भिंतीची चीर दिसते, मग छताची. तेच घरात पडदे असले, टेबलावर दोन कप असले, खुर्चीवर एखादं पुस्तक पालथं पडलेलं असलं की त्याच माणसाला चीर दिसतच नाही, त्याला स्वतःची बायको तिथे बसलेली दिसते. म्हणून कंपनी आमच्यासारख्यांना न विकलेल्या घरात ठेवते. भाडं नाही. फक्त घर नेहमी हसतं ठेवायचं. विकलं गेलं की बोजा उचलायचा आणि पुढच्या रिकाम्या घरात जाऊन राहायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, त्यातला विंचू मी. पण विंचू बरा हो, त्याला निदान कुणी घाबरतं तरी.

नियम आहेत त्याचे. तळण करायचं नाही, वास राहतो. औषधं दिसता कामा नयेत, औषधं दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं घरच लाभत नाही. भिंतीला खिळा नाही. स्वतःचे फोटो नाहीत — दुसऱ्याचा चेहरा भिंतीवर असला तर माणूस परक्याच्या घरात उभा असल्यासारखा दबून बोलतो — म्हणून ही डोंगरांची चित्रं. हे डोंगर कुठले ते मला माहीत नाही, चौकटीसकट आले. आणि गिऱ्हाईक येणार म्हटलं की घरात एकच माणूस थांबायचा, दोघं नकोत, दोघं असले की तो संसार वाटतो. म्हणून ही खाली जाते. ती बघा, तिथे, गेटजवळच्या बाकावर, निळी पिशवी मांडीवर घेऊन बसलीय. पिशवीत आमचं सगळं दडवायचं सामान — गोळ्या, गुडघ्याचं मलम, जुन्या चपला, लग्नाचा फोटो. ऊन आलंय तिच्या अंगावर. सरकायला सांगितलं तर सरकायची नाही, म्हणते, इथून आपली खिडकी दिसते. आपली म्हणते! मी कितीदा सांगितलं, आपली म्हणू नकोस.

हा, तर स्वयंपाकघर. फोन करायचाय? करा की, बाल्कनीत रेंज चांगली येते, मी इथूनच सांगतो. ओटा बघा केवढा, दोन बायका भांडल्या तरी एकमेकींना लागायच्या नाहीत. या इमारतीत आमचं प्रत्येक मजल्यावर झालंय राहून. खाली तो दंतवैद्य आहे ना, तो जिन्यात भेटला की म्हणतो, काका, तुमचा नळ अजून गळतो बरं का! माझा नळ! मी फार तर एक उन्हाळा राहिलो असेन तिथे. पण खरं सांगू, ते घर हिला आवडलं होतं. सकाळी ओट्यावर ऊन यायचं, आणि ही तिथे उभ्याउभ्या चहा प्यायची. आजही दंतवैद्याच्या दारावरून जाताना पाय हळू टाकते. मी बघतो. घर आवडून घेणं हे आमच्या धंद्यात बसत नाही. ज्याला आवडायला पाहिजे तो गिऱ्हाईक.

तुम्ही परत मोजताय ती भिंत. म्हणजे — आवडलं? आवडलं वाटतं तुम्हाला. हं. बसा ना जरा. बसा, मॅडम, तुमच्याशी एक बोलायचंय, ते कंपनीच्या माणसाला सांगू नका. हे घर उत्तम आहे. ते तुम्ही घेऊ नका. म्हणजे आज घेऊ नका! घ्यायचं तर घ्या, पण थोडं थांबून, विचार करून, घरच्यांना विचारून. लोक किती विचार करतात! एक जोडपं तर तीनदा आलं, मग तिच्या आईला घेऊन आलं, मग त्याच्या आईला, आणि मग दोन्ही आयांचं जमेना म्हणून घरच राहिलं. तुम्हीही तसं काहीतरी करा ना. आणि पश्चिमेचं ऊन आहे हं इथे, दुपारी हॉलमध्ये पापण्या भाजतात. वरच्या मजल्यावरचं पोर खुर्च्या ओढतं. लिफ्टचं तर विचारूच नका, कधी चालते, कधी रुसते. बाथरूमच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल — बघितलीत ना? मीच रंग दिला त्यावर. काय? मघाशी उत्तम म्हणालो? आहेच उत्तम. उत्तम घरालाही ओल येते.

सांगतो. तुम्ही अशा बघत राहिलात तर सांगावंच लागेल. आता येतायत ते माझे व्याही आहेत. मुलीचे सासू-सासरे, आणि मुलगी. जावई नोकरीनं लांब असतो, महिन्यातून एकदा येतो. व्याही शाळेत गणित शिकवायचे, त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, मीही म्हणतो. सरळ माणूस. इतका सरळ की कुणी वाकडं बोललं तर यांना वाटतं आपल्यालाच ऐकू आलं नाही. तर आमच्या बबडीचं — मुलीचं — ठरत होतं तेव्हा हे लोक घर बघायला आले. मुलगी बघायलाच आले, पण मुलगी बघताना घर दिसतंच. तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो, मोठी गॅलरी, पांढरे पडदे, सगळं कंपनीच्या नियमानं लखलखीत. मास्तर गॅलरीत उभे राहिले, दूरवर बघितलं आणि म्हणाले, छान आहे हो घर तुमचं. मी म्हणालो, हं. एवढंच. दुसरा शब्द नाही. एका 'हं'वर माझ्या मुलीचं लग्न झालं, मॅडम.

सांगणार होतो. लग्न झालं की सांगू म्हटलं. मग ते घर विकलं गेलं, आम्ही वर गेलो, मास्तर भेटायला आले तर म्हणाले, अरे, हे नवीन घेतलंत? जुनं काढलं वाटतं, चांगला भाव आला असेल! मी परत तेच — हं. पुढच्या वेळी आणखी वेगळं घर. आता सरळ माणसाचं डोकं कसं चालतं बघा. त्यांनी हिशोब मांडला की हा माणूस घरं घेतो, घरं विकतो, दरवेळी याचं घर पहिल्यापेक्षा मोठं, म्हणजे याला बाजार कळतो. चारचौघांत सांगायला लागले, आमच्या व्याह्यांना घरांच्या बाजारातलं विचारा. रविवारी सकाळी फोन यायचा — काय म्हणतो तुमचा बाजार? मी आपलं कंपनीचं पत्रक समोर ठेवून वाचून दाखवायचो. आणि मला — आता खोटं कशाला बोलू — मला बरं वाटायचं. आयुष्यात कुणी मला काही विचारलं नव्हतं हो. ही तर मला भाजीचा भावसुद्धा विचारत नाही.

तर ते पत्रक. तुमच्याकडेही असेल, पर्समध्ये बघा. एका बाजूला मोठ्या अक्षरांत — घेणाऱ्यांसाठी हीच वेळ. उलटं करा — विकणाऱ्यांसाठी हीच वेळ. कंपनीला काय, ती जुनी घरंही विकून देते, दोन्हीकडून दलाली. मास्तरांनी एका रविवारी विचारलं, की आमचं घर आता जुनं झालं, मोठं आहे, दोघांच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत, विकायचं तर केव्हा विकावं? आणि माझ्यासमोर पत्रक उलटं पडलेलं. वाचलं मी. सवयीनं वाचलं! हीच वेळ, मास्तर. म्हणाले, आणि घ्यायचं केव्हा? मी म्हणालो, आधी विकून मोकळे व्हा, मग सावकाश बघून घेऊ, घाई काय आहे! दोन ओळींचं बोलणं. चहा निवला नाही एवढ्यात. मास्तरांनी उभ्या हयातीत कुणाचं ऐकलं नाही, ऐकलं ते माझं.

विकलं. चांगल्या भावाला विकलं, मला पेढ्यासारखी बातमी दिली फोनवर. आणि मग बघायला लागले नवीन घर, तर जिथे जावं तिथे भाव पुढे पळालेला. त्यांच्या रकमेत आता या घराचा हॉल आणि स्वयंपाकघर येईल, बेडरूम येणार नाही. घर पाहावं बांधून म्हणतात — त्यांनी बांधलं होतं हो, पगारातून, एकेक खोली वाढवत, बबडीची खोली तर लग्नाच्या आधी खास काढलेली. ते घर माझ्या मुलीचंही होतं. तेही माझ्या लक्षात आलं नाही. आज सकाळी त्यांनी घेणाऱ्याच्या हातात किल्ल्या दिल्या. आणि सामान भरून इकडे निघालेत. दुसरं घर मिळेपर्यंत तुमच्याकडेच राहू म्हणाले, तुमची घरं काय, मोठीच असतात. मी काय म्हणालो असेन? तुम्हीच सांगा. बबडीला माहीत आहे सगळं. तिला पहिल्यापासून माहीत आहे, ती याच इमारतीत वाढलीय, वह्या-पुस्तकं या मजल्यावरून त्या मजल्यावर नेत. रात्री फोन करते, दार लावून हळू आवाजात — बाबा, सांगा ना त्यांना, मी कशी सांगू? मी म्हणतो, सांगतो बेटा. उद्या सांगतो. तिनं सांगितलं तर ती खोटारड्याची मुलगी होते, नाही सांगितलं तर आणखीच होते. त्या घरात तिला पाणीसुद्धा मान खाली घालून प्यावं लागत असेल.

म्हणून म्हणतो, ताई — ताई म्हटलं तर चालेल ना? — तुम्ही कंपनीला सांगा, विचार करून कळवते. बस. हे घर विकलं की आम्हाला हलायचंय, आणि हलायचं कुठे? पुढचं घरच नाही. इमारत संपली. कंपनीची दुसरी इमारत अजून खड्डा आहे, खड्ड्यात पाणी साचलंय, मी जाऊन बघून आलो. तोवर मास्तरांना एखादं लहान घर मिळेल, भाड्यानं का होईना, मी शोधतोच आहे, रोज पायपीट करतो. आणि मिळालं की मीच सांगेन त्यांना सगळं, शप्पथ. तोंड फुटेल माझं तर फुटू दे, पण तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर असेल. आज छप्पर नाही, ताई. म्हातारा-म्हातारी, त्यांची सून, आणि ट्रकभर सामान. तुम्हाला काय, तरुण आहात, आज नाही तर — तुम्ही कुठे राहता सध्या? भाड्यानं? बरं. मग राहा की आणखी थोडं.

असं का. घर कधी सोडा म्हणतोय तो मालक? या महिन्यातच? आणि आई असतात तुमच्याजवळ? चालता येतं ना त्यांना? काठीनं. असं. म्हणजे तुम्ही दिवसभर कामावर आणि त्या एकट्या, आणि मालक रोज येऊन दार वाजवतो. तेसुद्धा दुपारी, तुम्ही नसताना. वा रे माणूस.

मग तुम्हाला मी कोणत्या तोंडानं थांबा म्हणू?

ऐका. लिफ्ट चांगली आहे. रुसत बिसत नाही, मघाशी खोटं बोललो मी. वरचं पोरही सुट्टीतच येतं. पश्चिमेचं ऊन आहे, ते खरं, पण मागच्या खोलीला नाही, मागची खोली गार असते. आईंना ती द्या. बाथरूम जवळ आहे, मधे उंबरा नाही, काठी अडकायची नाही. पलंग इथे भिंतीकडे नको, खिडकीकडे लावा, म्हणजे पडल्यापडल्या रस्ता दिसतो, माणसं दिसतात. आमची ही दुपारी तिथेच बसते. आणि ओल — ओलीला वरून रंग देऊन उपयोग नाही, मागे पाइप आहे तो एकदा बदलून घ्या, कंपनीच्या खर्चानं, सह्या करायच्या आधीच सांगा, नंतर ते ओळखही देणार नाहीत. हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला का सांगतोय, मलाच माहीत नाही.

आमचं? आमचं स्वतःचं? होतं ना. दोन खोल्यांचं. माझं फर्निचरचं दुकान होतं तेव्हा. दुकान बसलं, ते वेगळं, घराला त्यानं काही झालं नव्हतं. घर मीच विकलं. सगळे सांगत होते, भाव टोकाला गेलेत, आता खालीच येणार, मी म्हटलं, चढत्या भावात विकू, उतरत्या भावात घेऊ, मधे थोडे दिवस भाड्यानं काढू. ही नको म्हणत होती. एकदाच म्हणाली, नको. भाव काही उतरले नाहीत. उतरलो आम्ही. हो, मास्तरांनाही तेच सांगितलं मी. तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. जे करून स्वतः रस्त्यावर आलो, तेच त्यांना सांगितलं — का? कारण दुसरं काही सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग तुम्ही स्वतः कसं विकता आणि घेता? माझं खोटं उभं राहावं म्हणून त्यांचं घर गेलं. लाज वाटते हो मला.

एक मिनिट, फोन. कंपनीचाच आहे. — हो साहेब. हो, दाखवतोय, इथेच आहेत मॅडम. सगळं दाखवलं. — काय? — कधी? आत्ता? — हो... हो साहेब, अभिनंदन, म्हणजे तुमचंही अभिनंदन. — रविवारपर्यंत. कळलं. — नाही, अडचण काय असायची, सामान थोडंच आहे. — ठेवतो.

केलंत तुम्ही बुक. बाल्कनीत फोन घेऊन उभ्या होतात तेव्हा, ना? मी आपला ओट्याचं कौतुक सांगत होतो आणि तुम्ही तिथे — नाही, नाही, माफी कसली मागता! बरोबर केलंत. मी तुमच्या जागी असतो तर दारातच केलं असतं. म्हणजे मघापासून मी जे काही बोललो, ते सगळं घर गेल्यावर बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. रडू नका हो, ताई, तुम्ही कशाला रडताय, घर मिळालं तुम्हाला! आईंना फोन करा, सांगा.

आला. ट्रक आला. हाच. वळला गल्लीत. या इकडे, नाही, पुढे येऊ नका, खालून दिसाल. पुढच्या सीटवर मास्तर, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेतलंय — सामानात टाकलं असतं तर बिघडलं असतं म्हणून घेतलं असेल. विहीणबाई मागून रिक्षातून. आणि ती बबडी, उतरली बघा. वर बघत नाहीये. एकदाही वर बघितलं नाही तिनं. आमची ही उठलीय, पिशवी मागे लपवतेय, हसतेय. किती छान हसतेय बघा. घर गेलं हे हिला माहीतच नाही अजून. आत्ता मला पाच मिनिटांपूर्वी कळलं, हिला कुठलं! ते कपाट उतरवतायत. सागवानी आहे, मास्तरांच्या वडिलांचं. दोन हमाल आणि मास्तर स्वतः — अहो, तुम्ही कशाला हात लावता, या वयात!

ताई, एक करा. हात जोडतो. मास्तर वर आले की तुम्ही दोन घटका पाहुण्या म्हणून बसा. बबडीची मैत्रीण म्हणा, माझी भाची म्हणा, काहीही म्हणा. घराचं नाव काढू नका. आज रात्री त्यांना इथे टेकू दे. उद्या मी सांगेन. उद्या सकाळी, चहा झाला की. रविवारपर्यंत काहीतरी होईलच, माणूस अगदीच रस्त्यावर नाही पडत, कुणीतरी कुठेतरी — तुम्ही मान हलवलीत. हलवलीत ना? हो म्हणालात? फार उपकार झाले, ताई, फार. डोळे पुसा. बसा इथे. अशा बसा, सैल, गिऱ्हाइकासारख्या नको. तो टेप पर्समध्ये टाका.

आले. दार उघडंच आहे, मास्तर, या, या! दम लागला? अहो लिफ्टनं यायचं की. लिफ्टमध्ये कपाट मावेना? म्हणून जिन्यानं! बसा आधी. पाणी आणतो. नको, बसा तुम्ही, घड्याळ द्या इकडे, मी धरतो. ह्या होय, ह्या — सांगतो. पाणी तर प्या आधी. काय म्हणालात? माझ्या भरवशावर घर विकलंत? ... नाही, मास्तर. असं म्हणू नका. खांद्यावरचा हात काढा. काढा म्हणतो ना. माझ्याकडे बघा, बबडीकडे बघू नका, तिचा यात काही दोष नाही. ह्या बाई मालकीण आहेत. या घराच्या. आजपासून. आणि कालपर्यंत कंपनी होती. मी — मी कधीच नव्हतो. या घराचा नाही, त्याच्या आधीच्याचा नाही, चौथ्या मजल्यावरच्याचाही नाही. थट्टा नाही करत हो. बबडे, बस खाली तू, मी सांगतोय ना त्यांना, ऐकू दे त्यांना माझ्याकडून. मास्तर, ते हमाल कुठवर आलेत? तिसऱ्यापर्यंत? ओरडून सांगा त्यांना. सामान वर आणू नका.